आईची सही लागत नाही

चि. सायली,

अनेक आशीर्वाद.

पोचल्याचं ताईला कळवलंस, मला नाही. ते असू दे. फोन करणार होते, पण फोनवर तू लगेच वकील होतेस आणि मी सिस्टर, मग दोघींना एकमेकींचं ऐकूच येत नाही. बाबा म्हणाले, लिही. म्हणून लिहायला बसले. भांडणाचा मुद्दा काढायचा नाही असं ठरवलंय. बघू किती जमतं.

मैत्रिणीच्या गर्भपाताच्या वेळी तू तिच्याबरोबर सोनोग्राफीला गेलीस, डॉक्टरांशी बोललीस, तिने गोळ्या घेतल्यावर रात्रभर तिच्या उशाशी बसलीस, हे ऐकताना मला तुझं फार कौतुक वाटत होतं. तुझ्या वयात मला एवढं सुचलं नसतं. पण तोंडातून आधी निघालं ते, "तिच्या आईला सांगितलं का?" आणि तू ताटावरून उठत म्हणालीस, "आई, कायद्यात आईची सही लागत नाही."

लागत नाही, हे तू लॉ कॉलेजात जायच्या कितीतरी आधीपासून मला माहीत आहे गं. अठरा पूर्ण झालेल्या बाईची एकटीची सही, संमतीच्या फॉर्म सी वर. नवऱ्याची नाही, सासूची नाही, बापाची नाही. माझी अर्धी नोकरी ते फॉर्म भरून घेण्यात गेली. आणि त्याच दवाखान्यात "नवऱ्याला घेऊन या" म्हणून बायकांना परत पाठवलेलंही मी पाहिलंय. कायद्यात असलं काही नव्हतं. उद्या कुणी दारात येऊन तमाशा करायला नको, एवढंच कारण. त्यावरून मी वरिष्ठांशी वाद घातला आणि मला लेबर रूममधून ओपीडीत टाकलं. तो किस्सा बाबांना विचार, ते माझ्यापेक्षा चांगला सांगतात.

ऊसतोडीच्या टोळीतली एक बाई होती. पदरात तीन मुलं, चौथ्यांदा दिवस गेलेले. नवरा सही द्यायला तयार नव्हता. मग तिने गर्भ पाडायला कुणाकडून तरी काडी घालून घेतली. आमच्याकडे आणली तेव्हा अंगात ताप, अंगावरून घाण जात होती, पोट फळीसारखं कडक. दुसऱ्या दिवशी गेली. गर्भपात कायदेशीर होऊन तेव्हा वीस वर्षं उलटून गेली होती, सरकारी दवाखान्यात पैसेही पडत नव्हते. तू हक्क म्हणतेस तेव्हा माझ्यासमोर ती येते. सर्वोच्च न्यायालयाचा सप्टेंबर २०२२ चा निकाल तू मला वाचून दाखवला होतास. लग्न न झालेल्या बाईलाही चोवीस आठवड्यांपर्यंत तोच कायदा, आणि घरच्यांची संमती आणा असल्या कायद्याबाहेरच्या अटी डॉक्टरांनी घालू नयेत. तू उड्या मारत होतीस आणि मी गप्प बसले होते. मी तेव्हा तिचाच विचार करत होते.

तेव्हा बाजू कुणाची घ्यायची याबद्दल आपलं भांडण नाही. भांडण दुसरंच आहे. तुझ्यावर कधी असा प्रसंग आला तर तू मला सांगशील की नाही? हे लिहायचं नव्हतं, पण लिहून झालं, आता खोडत नाही.

तुझ्या त्या व्हायोलिनवाल्यावर मी बराच विचार केला. जुडिथ थॉमसन या तत्त्वज्ञ बाईंनी १९७१ मध्ये मांडलेलं ते उदाहरण. सकाळी जाग येते तर आपल्या मूत्रपिंडांना एक नामवंत वादक जोडलेला, आणि सांगतात की नऊ महिने असंच पडून राहा, नाहीतर तो मरेल. त्याला जगायचा अधिकार आहे असं मानलं, तरी तुझं शरीर वापरायचा अधिकार त्याला मिळतो का? मला त्यात पटलं ते हे की बाईंनी गर्भाला माणूस धरूनच वाद सुरू केला, आत काहीच नाही असं म्हणून सुटका करून घेतली नाही. तू जेवताना म्हणालीस, जन्मेपर्यंत ती व्यक्ती नाही, व्यक्ती नाही म्हणून हक्क नाही, विषय संपला. कोर्टात ते चालत असेल. मी ते ट्रेमध्ये पाहिलंय, सायली. आठ आठवड्यांचं वेगळं आणि एकोणीस आठवड्यांचं वेगळं. एकोणीस आठवड्यांचं हातावर घेतलेल्या कुठल्याही सिस्टरला विषय संपला असं म्हणता येत नाही. तरीही प्रत्येक वेळी मी त्या बाईच्याच बाजूला उभी होते, कारण टेबलावर ती होती. तिला भीती वाटत होती, तिला मागचं आठवत होतं, पुढचं दिसत होतं. तिच्या मर्जीविरुद्ध तिचं शरीर नऊ महिने दुसऱ्या कुणाच्या कामी लावायचं म्हटलं, तर तिला व्यक्ती म्हणण्यात काय उरलं? एवढं मला कुठलं तत्त्वज्ञान न वाचताही कळत होतं.

पण त्या उदाहरणातला माणूस एकटा झोपलेला आहे. त्याच्या घरात दुसरं कुणी नाही. माझ्याकडे आलेल्या बायका अशा नव्हत्या. बहुतेकींच्या कडेवर आधीचं पोर असायचं, आणि त्या पोराच्या दुधाचा हिशेब करूनच त्या आलेल्या असायच्या.

आपला गर्भपाताचा कायदाही त्याच वर्षीचा, १९७१ चा. तुझ्या पुस्तकात असेलच. १९६४ मध्ये शांतिलाल शहांची समिती नेमली ती चोरून केलेल्या गर्भपातात बायका मरत होत्या म्हणून, आणि पाठीमागे लोकसंख्येची काळजी होती. बाईचा स्वतःवर हक्क आहे म्हणून तो कायदा कुणी आणला नाही. आजही नुसती तिची इच्छा पुरत नाही. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत लागतं, वीस ते चोवीसमध्ये ठरावीक बायकांसाठी दोघांचं, त्यापुढे गर्भात मोठं व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळ. पीनल कोडचं कलम ३१२ गेलं आणि १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेचं कलम ८८ आलं, पण गुन्हा होता तसाच आहे आणि स्वतः गर्भ पाडणारी बाईही त्यात येते. म्हणजे हातात आहे ती सूट. सूट देणारा ती काढूनही घेऊ शकतो, हे तुझ्या आत्याने पाहिलंय. आणीबाणीत ती शाळेत शिकवत होती आणि शिक्षकांना नसबंदीच्या केसेस आणायचं टार्गेट होतं. १९७६ मध्ये आपल्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचं विधेयकसुद्धा मंजूर केलं होतं, राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते अंमलात आलं नाही. मूल होऊ देऊ नका म्हणून सक्ती करणारं आणि झालंच पाहिजे म्हणून सक्ती करणारं सरकार मला एकाच जातीचं वाटतं. हे तू तुझ्या निबंधात घाल. बाकी त्या निबंधाचं काय झालं?

बघ, भाषण सुरू झालं. तुला राग येतो ते माहीत आहे, माफ कर.

बेळगावची सविता हलप्पनवार मात्र मला सोडत नाही. आयर्लंडमध्ये, ऑक्टोबर २०१२. सतरा आठवडे, गर्भ वाचणार नाही हे डॉक्टरांना कळलेलं, पण ठोके चालू आहेत म्हणून पिशवी रिकामी करायला नकार. सेप्टिक होऊन गेली. ती शिकलेली होती, दंतवैद्य होती, नवरा शेजारी बसलेला होता. तिच्यानंतर तिथे लोकांनी २०१८ मध्ये सार्वमत घेऊन घटनाच बदलली. मी बातमी वाचली तेव्हा तू शाळेत होतीस आणि मी तुझ्या दप्तराला चेन लावून घ्यायला निघाले होते. गेलेच नाही त्या दिवशी. नवरा शेजारी असून असं झालं, तर एकटीचं काय?

अक्कांनी तुला तुझ्या वेळचं सांगितलंय, हे मला ताईकडून कळलं. मी स्वतः कधी बोलले नाही, कारण त्यात तुझ्या बाबांचा काही दोष नव्हता आणि तुला उगाच तसं वाटलं असतं. तो काळच तसा होता. २००१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ९१३ मुली होत्या, दहा वर्षांनी ८९४. गर्भलिंग तपासायला आपल्या राज्यात १९८८ पासून बंदी, पुढे १९९४ मध्ये देशभर कायदा, तरी ओळखीचे डॉक्टर सगळ्यांनाच असायचे. ताईनंतर दिवस गेले तेव्हा भाऊकाका सहज म्हणावं तसं म्हणाले, "बघून घ्यायला काय हरकत आहे?" मी म्हटलं, बघायचं नाही. आणि बघितलंत तरी सही माझी लागते, ती मी करणार नाही. तुझ्या बाबांनी त्यावर भावाशी बोलणं टाकलं. पुढचं तुला माहीत आहे.

म्हणून सांगते, तू जो हक्क म्हणतेस त्याच हक्काने तू जन्मलीस. पण त्याच वर्षांत पोटात दुसरी-तिसरी मुलगीच आहे असं कळल्यावर मान खाली घालून फॉर्मवर सही करणाऱ्या बायकाही मी पाहिल्या. सही त्यांच्याच हातची होती. सासू बाहेर बाकावर बसलेली. त्या सहीला तू व्यक्तिस्वातंत्र्य म्हणशील का? मी म्हणणार नाही. त्या बाईचा हक्क काढून घेतल्याने ती सुटली असती असंही मी म्हणणार नाही. तिला हवं होतं ते एक माणूस, जे तिला कानात विचारेल, तुला काय पाहिजे ते सांग, बाहेरच्यांचं मी बघते.

जोतिबा-सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, ते मला म्हणूनच फार मोठं वाटतं. दिवस गेलेल्या विधवेला त्यांनी उपदेश केला नाही. ये, गुपचूप बाळंत हो, मूल न्यायचं तर ने, नाहीतर आम्ही सांभाळतो. पाप कुणाचं, हे विचारलंच नाही. तिथे जन्मलेल्या एका मुलाला त्यांनी स्वतःचं नाव दिलं.

"तिच्या आईला सांगितलं का" हे मी विचारलं तेव्हा तू ते परवानगीचं विचारणं समजलीस. मी बाहेरच्या बाकावर कोण आहे ते विचारत होते. तू होतीस, हे मला त्या क्षणी पुरायला हवं होतं. पण तुझ्या वेळी बाकावर कोण असेल? तू सगळ्यांसाठी धावतेस आणि स्वतःचं कुणाला सांगत नाहीस. टायफॉइड झाला तेव्हाही ताप उतरल्यावर फोन केलास. "तिचं शरीर, तिचा निर्णय" हे म्हणताना तुझा आवाज इतका चढला की मला वाटलं, ही मला आत्ताच दाराबाहेर ठेवतेय.

ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेलेली ती सव्वीस आठवड्यांची गरोदर बाई होती ना, दोन मुलांची आई, बाळंतपणानंतरच्या मानसिक आजाराची औषधं चालू असलेली? आधी परवानगी मिळाली, मग दोन न्यायाधीशांचं एकमत होईना, शेवटी तिघांनी नकार दिला. तू त्या निकालावर चिडली होतीस. गर्भ जगू शकतो अशा टप्प्यावर न्यायाधीशांचं अडखळणं मी समजू शकते. पण आठवडाभर त्या बाईचं पोट देशाच्या तोंडी होतं, आणि मी रोज पेपरात शोधत होते की तिच्याबरोबर कुणी आहे का. तेवढं कुणी छापलं नाही.

तू मला सांगितलंस तर मी रडेन, ते आधीच सांगून ठेवते. कदाचित पहिल्या पाच मिनिटांत चुकीचंही बोलेन. तेवढी पाच मिनिटं धर. त्यानंतर ठेवायचं की नाही, हे मी विचारणार नाही. तू सांगशील ते धरून पुढचं बघेन. आणि सांगायचं नसेल, तर तोही तुझा हक्क, हे लिहिताना माझा हात जड झालाय, पण मी ते लिहितेय.

आता कामाचं. तुझ्या मैत्रिणीला पंधराव्या दिवशी तपासणीला जायलाच सांग. बरं वाटतंय म्हणून टाळू नको म्हणावं. पिशवी पूर्ण रिकामी झाली का ते बघावं लागतं. सलग दोन तास, तासाला दोन पॅड भिजत असतील, ताप येत असेल किंवा वास येत असेल, तर वाट न बघता दवाखाना गाठायचा. हिमोग्लोबिन करून घ्या. तिचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डीचं इंजेक्शन दिलं होतं का, ते डॉक्टरांना विचारा. पुन्हा दिवस राहू नयेत म्हणून काय वापरायचं तेही त्याच वेळी विचारून घ्या. तांबीला ती घाबरत असेल तर तिला कुणीतरी नीट समजावलेलं नाही.

तिचं नाव बाहेर फोडणाऱ्या डॉक्टरला २०२१ पासून एक वर्षापर्यंतची कैद आहे. तिच्या आईला माझ्याकडून काही कळणार नाही. तिला कुणा मोठ्या बाईशी बोलावंसं वाटलं, तर माझा नंबर दे. रात्री कितीही वाजले असले तरी चालेल. फक्त आधी तिला विचार, मगच दे.

तुझी आई