मंत्र्यांनी दंगलीचा कायदा वाचलाच नव्हता

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या गावच्या वाचनालयात रोज सकाळी आठ वाजता मी आपला पेपर मोठ्याने वाचतो. मोतीबिंदूमुळे अक्षर दिसत नाही असे पाच-सहा जण ऐकायला येतात. गेल्या आठवड्यात पहिल्या पानावर एक वाक्य होते : ‘रखडलेल्या कामांवरून मंत्र्यांनी अधिकाऱ्यांना दंगलीचा कायदा वाचून दाखवला.’ वाचण्याच्या ओघात ते माझ्या तोंडून जसेच्या तसे गेले आणि आबा ताडकन उठले. त्यांचा नातू त्याच शहरात कंपनीत आहे. “मास्तर, दंगल कधी झाली? आधी पोराला फोन लावा.” पोरगा रात्रपाळी करून झोपलेला, फोन उचलेना. ही इंग्रजीतली बोलण्याची तऱ्हा आहे, मंत्र्यांनी साहेबांना झापले एवढाच अर्थ आहे, असे मी परोपरीने सांगितले. पण छापलेल्या अक्षरापुढे माझे कोण ऐकणार? सव्वा तासाने नातवाचा फोन आला, तोवर ऐंशी ओलांडलेला तो माणूस पायरीवर बसून होता.

मी एकतीस वर्षे इंग्रजी शिकवले. त्यामुळे हे वाक्य कुठून आले ते मला लगेच कळले, आणि म्हणूनच जास्त वाईट वाटले. ‘रीड द रायट अॅक्ट’ हा वाक्प्रचार ब्रिटनच्या एका खऱ्या कायद्यावरून पडला. तो १७१५ साली अमलात आला. बारा किंवा त्याहून जास्त माणसे दंगा करण्याच्या बेताने जमली, की दंडाधिकाऱ्याने पुढे होऊन राजाच्या नावाने ठरलेला मजकूर मोठ्याने वाचायचा. तासाभरात जमाव पांगला नाही, तर जे उरतील त्यांना थेट देहदंडापर्यंत शिक्षा. आपल्या जमावबंदीच्या हुकमाचा हा भयंकर पूर्वजच म्हणा. कायदा कधीच मोडीत निघाला, पण बोलण्यात राहिला. आज आई मुलाला रागावली तरी इंग्रज माणूस हेच शब्द वापरतो. मराठीत त्यासाठी खडसावणे, कानउघाडणी करणे, खरडपट्टी काढणे, फैलावर घेणे असे एकाहून एक नेमके शब्द असताना दंगल मध्ये आणायची गरज काय होती?

वर्गात मी मुलांना उलट बाजूने सांगत असे. ‘ध चा मा करणे’ याचे इंग्रजी करा. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि ‘धरावे’चे ‘मारावे’ आनंदीबाईंनी केले असे लोक सांगतात, हे ज्याला ठाऊक नाही त्याच्यापुढे नुसती दोन अक्षरे ठेवून काय होणार? मुलांना ते पटकन पटायचे. मग ती दंगलीच्या कायद्याशीही अदबीने वागायची.

आपल्या क्रीडापानावर मध्यंतरी ‘संघाला आपले वॉटर्लू भेटले’ असे आले होते. नेपोलियन १८१५ साली वॉटर्लूला हरला तो हरला, पण ज्या भाषेत १७६१ पासून ‘पानिपत झाले’ म्हणतात तिला हे उसने कशाला? ‘दोन्ही पक्ष एकाच पानावर आले’ हे वाचल्यावर तर आबांनीच मला विचारले होते, की यांचे जेवण कुठे झाले. पान म्हटल्यावर त्यांना पंगत आठवली, यात त्यांचे काय चुकले? ‘दोन्ही पक्षांचे एकमत झाले’ एवढेच तर सांगायचे होते.

इंग्रजीतून काही घेऊच नये, असे माझे म्हणणे नाही. ‘हिमनगाचे टोक’ मला आवडते. समुद्राच्या पाण्यात हिमनगाचा जवळजवळ नऊ-दशांश भाग बुडालेला असतो, हे शाळेत शिकलेल्या कुणालाही ते चित्र दिसते. ‘सिंहाचा वाटा’ तर इतका मुरला आहे की परका वाटतच नाही. इसापच्या गोष्टीत सिंह शिकारीतले सगळेच स्वतःकडे ठेवतो. इंग्रजीत त्याचा अर्थ ‘सर्वांत मोठा हिस्सा’ असा झाला, पण तो पदरात पाडून घेण्याचा. आपण मात्र ‘शाळेच्या उभारणीत त्यांचा सिंहाचा वाटा होता’ असे म्हणतो, म्हणजे घेण्याचे देणे केले. मला वाटते, हे आपल्या खारीने केले. सेतू बांधताना वाळूचे कण आणणाऱ्या खारीचा वाटा आधीपासून घरात होता, तिच्या शेजारी येऊन बसलेला सिंहही देऊ लागला. भाषा परक्याला आपलेसे करते ती अशी. नुसते शब्दाला शब्द ठेवून ते होत नाही.

रात्री उशिरा इंग्रजीत बातमी येते, पान सोडायची घाई असते, याची मला जाणीव आहे. तरीही दोन विनंत्या करतो. एक, त्या बातमीचा खुलासा चार ओळींत का होईना, छापावा. आमच्या कट्ट्यावर दोघे जण अजूनही दंगल दडपली असेच धरून चालले आहेत आणि तो खुलासा मला त्यांना वाचून दाखवायचा आहे. दुसरी, गेली चार वर्षे मी पेपरांतली अशी वाक्ये एका वहीत उतरवतो आहे. डाव्या बाजूला छापलेले वाक्य, उजव्या बाजूला आमच्या गावात ते कसे म्हणतील ते. या पत्रासोबत तिची झेरॉक्स पोस्टाने पाठवत आहे. आपल्या उपसंपादकांच्या टेबलावर ती ठेवावी. शेवटची सोळा पाने कोरी आहेत, तिथे त्यांनी भर घालावी.

आपला,
एक निवृत्त इंग्रजी शिक्षक,
ता. कोरेगाव, जि. सातारा