शनिवारी थांबणारा घाणा आणि रामबाम

संपादक महोदय, सप्रेम नमस्कार.

येत्या १३ डिसेंबरला रब्बी मोशे बेन मैमोन, म्हणजेच रामबाम, या थोर ज्यू धर्मपंडित आणि वैद्याची पुण्यतिथी. १२०४ साली इजिप्तमध्ये ते गेले. मी बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंपैकी, टेंभी नाक्याजवळच्या १८७९ सालच्या सिनेगॉगमध्ये, आमच्या प्रार्थनास्थळात, आईचं बोट धरून जात आलेली. ३४ वर्षं परिचारिका होते. या माणसाबद्दल ठाणेकरांना सांगावं असं फार दिवस मनात आहे.

जन्म स्पेनमधल्या कोर्दोबाचा. वडील धर्मन्यायाधीश, तेच पहिले गुरू. ११४८ साली अल्मोहाद या उत्तर आफ्रिकेतल्या कट्टर मुस्लिम राजवटीनं शहर घेतलं आणि कुटुंबाची वणवण सुरू झाली. मोरोक्कोतलं फेझ, पॅलेस्टाईनमधलं अक्को, शेवटी इजिप्त. या धावपळीतही तालमूद, म्हणजे ज्यू धर्मकायद्यावरच्या चर्चांचा मोठा ग्रंथ, आणि अरबीतून वाचलेला अॅरिस्टॉटल दोन्ही त्यांनी सोडले नाहीत. तालमूदमध्ये विखुरलेला सगळा धर्मकायदा त्यांनी १४ खंडांत लावून दिला, तो ‘मिश्ने तोरा’.

धर्माच्या विद्येवर पोट भरू नये, असं त्यांचं ठाम मत. घर चालवायचा धाकटा भाऊ दाविद, व्यापार करून. तो हिंदुस्थानच्या वाटेवर असताना आपल्याच या समुद्रात बुडाला. रामबाम वर्षभर अंथरुणाला खिळले. आठ वर्षांनंतरही त्यांनी लिहिलंय, की त्याचं हस्ताक्षर दिसलं तरी जीव कासावीस होतो. पुढे वैद्यकीवरच घर चाललं.

त्यांनी आपला दिनक्रम एका पत्रात लिहिलाय. सकाळी कैरोला सुलतानाकडे जायचं, दुपारनंतर भुकेनं व्याकूळ होऊन कैरोजवळच्या फुस्तातला घरी परतायचं, तर ओसरी रोग्यांनी भरलेली. ज्यू, बिगरज्यू, बडे, गरीब, मित्र, शत्रू. जनावरावरून उतरून हात धुवायचे आणि रोग्यांची विनवणी करायची, दोन घास खाऊ द्या. चोवीस तासांतलं तेवढंच जेवण. मग रात्रीपर्यंत तपासणं, थकल्यावर आडवं पडूनच औषध सांगणं. बाह्यरुग्ण विभागात डबा न उघडता घरी परत नेल्याचे माझे कितीतरी दिवस आहेत. हे पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला रडू आवरलं नाही.

आणखी एक पत्र आहे, फ्रान्समधल्या लुनेलच्या पंडितांना लिहिलेलं. त्यात ते म्हणतात, हिंदुस्थानातल्या ज्यूंना तोरा, म्हणजे ज्यू धर्मशास्त्र, ठाऊक नाही. ते शब्बाथ, म्हणजे शुक्रवार संध्याकाळपासून शनिवारचा विश्रांतीचा दिवस, पाळतात आणि आठव्या दिवशी सुंता करतात, एवढंच. त्या ओळीत कोकणचं नाव नाही. पण मला ती आमच्या घरातलीच वाटते. आजी सांगायची, पेणजवळ तिच्या सासऱ्यांचा तेलाचा घाणा होता. शुक्रवारी दिवस कलला की ते बैल सोडायचे, घाणा पुसून त्यावर गोणपाट टाकायचे. शनिवारी गिऱ्हाईक दारात भांडं घेऊन उभं राहिलं तरी तेल मिळायचं नाही. म्हणून तर गावानं आम्हाला ‘शनिवार तेली’ म्हटलं. पोथी नव्हती, पण तो बैल सोडणारा हात होता. रामबाम ‘एवढंच’ म्हणाले, ते एवढंच आम्हाला पिढ्यान्‌पिढ्या पुरलं.

माझ्या नातवाला हे सगळं मराठीत वाचायचं होतं. मी सभासद असलेल्या वाचनालयात रामबाम यांच्यावर एकही मराठी पुस्तक मिळालं नाही. आपण रविवार पुरवणीत सविस्तर लेख छापावा, आणि निदान त्या दिनक्रमाच्या पत्राचा पूर्ण मराठी अनुवाद द्यावा, ही विनंती. त्याचं कात्रण मी आमच्या परिचारिका प्रशिक्षणाच्या मुलींना नेऊन देईन.

– एक निवृत्त परिचारिका, चरई, ठाणे (प.)