पक्षाच्या खर्चाला लिमिट का नाही?

संपादक साहेब, नमस्कार. विधानसभेच्या उमेदवाराला खर्चाची मर्यादा 40 लाख, तीबी अर्ज भरल्यापासून निकालापर्यंतचीच, पण पक्षाला मात्र कसलीच मर्यादा नाही, म्हणजे स्टार प्रचारकाचं हेलिकॉप्टर पक्षाच्या खात्यात अन् उमेदवाराचा हिशोब एकदम चोख! आमच्या सेलूकडं अर्ज भरायच्या आधीच ढाब्यावर पंगती उठतात, डिझेलच्या चिठ्ठ्या फिरतात, ते कुठं धरायचं? पक्षाला पूर्ण हिशोब द्यायला निवडणुकीनंतर 75 दिवस, तोवर आमदार शपथ घेऊन मोकळा. सुप्रीम कोर्टानं 2024 मध्ये निवडणूक रोखे (नाव न सांगता पक्षाला देणगी द्यायची सोय) रद्द केले, बरंच झालं. आता पक्षानं कोणत्या उमेदवाराला किती दिले ते मतदानाआधी तहसीलच्या बोर्डावर लावा की राव, मोंढ्यात सोयाबीनचा भाव लावतेत तसं.

– एक मतदार, सेलू (जि. परभणी)