टर्किंग्टनची जागा कुठे गेली?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

ब्रिटिश टूरिंग कार अजिंक्यपद म्हणजे रस्त्यावरच्या मोटारींवरून घडवलेल्या गाड्यांची शर्यत-मालिका; तिचा 2025चा हंगाम एप्रिलच्या अखेरीस डॉनिंग्टन पार्क येथे सुरू होत आहे. नोकरीनिमित्त मी डर्बीत राहतो आणि हा ट्रॅक माझ्या घरापासून मोटारीने वीस-पंचवीस मिनिटांवर आहे. आपल्या वृत्तपत्रांच्या क्रीडा पानावर मोटार शर्यत म्हणजे फॉर्म्युला वन, असेच समीकरण झालेले दिसते. टूरिंग कारविषयी चार ओळी आल्याच, तर त्या अमुक ड्रायव्हर या टीममधून त्या टीममध्ये गेला, एवढे सांगून थांबतात. कोल्हापूर-पुण्यात पदरचे पैसे घालून मुलांना कार्टिंगला पाठवणारी घरे आता थोडीथोडकी नाहीत आणि त्यांत माझ्या भावाचे घरही आहे. त्यांना या बदलांमागची कारणे वाचायला मिळावीत, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

या वर्षीची माझ्या मते सर्वांत मोठी बातमी ड्रायव्हरांच्या यादीत नसलेल्या नावाची आहे. उत्तर आयर्लंडचा कॉलिन टर्किंग्टन 2009, 2014, 2018 आणि 2019 असा चार वेळा विजेता ठरला आणि ही चारही अजिंक्यपदे त्याने वेस्ट सरे रेसिंगच्या बीएमडब्ल्यू गाडीतून मिळवली. त्याच टीममध्ये यंदा त्याला जागा उरलेली नाही आणि निरोपाची शर्यतही त्याच्या वाट्याला आली नाही. असे त्याच्या बाबतीत पहिल्यांदाच घडलेले नाही. 2009चे अजिंक्यपद जिंकल्यावर टीमचा मुख्य पुरस्कर्ता बाजूला झाला आणि 2010मध्ये गतविजेत्यालाच आपले अजिंक्यपद राखायला उतरता आले नाही. या स्पर्धेत गाडीतली जागा मिळवण्यासाठी बहुतेक ड्रायव्हरांना आपल्याबरोबर पुरस्कर्ता आणावा लागतो. करार मोडला की जागाही जाते, मग कपाटात चषक कितीही असोत. पैसा टीम बदलतो तो असा: लेझर टूल्स या पुरस्कर्त्याचे नाव 2020 आणि 2021मध्ये ॲश सटनच्या विजेत्या इन्फिनिटीवर होते, 2025च्या हंगामात तेच नाव 2024चा विजेता जेक हिल याच्या बीएमडब्ल्यूवर आहे. हे सांगितल्याशिवाय ‘टर्किंग्टन बाहेर’ अशी ओळ छापली, तर तो थकला म्हणून गेला, असाच वाचकाचा समज होईल आणि तो त्याच्यावर अन्याय ठरेल.

हिल आणि एडन मॉफॅट यांच्या जोडीला वेस्ट सरेने चार्ल्स रेनफर्ड आणि डॅरिल डीलिऑन हे नवे ड्रायव्हर घेतले आहेत. ॲडम मॉर्गन तेथून निघून एक्सेलरेट टीमच्या ह्युंदाईत टॉम इंग्रॅमचा सहकारी म्हणून आला आहे. 2012, 2015 आणि 2016मध्ये होंडातून जिंकलेला गॉर्डन शेडन दोन हंगामांनंतर टोयोटातून परततो आहे. यांपैकी मॉर्गनच्या बदलाकडे मी विशेष लक्ष ठेवून आहे. बीएमडब्ल्यू मागच्या चाकांवर चालते, म्हणजे इंजिनाचा जोर त्या चाकांना मिळतो; ह्युंदाई पुढच्या. पुढच्या चाकांनाच जोर द्यायचा आणि वळायचेही असल्याने त्या टायरांवर दुहेरी भार येतो. ब्रेक कधी सोडायचा, वळणातून निघताना पाय किती दाबायचा, या सगळ्या सवयी नव्याने घडवाव्या लागतात. हंगामाच्या पहिल्या दोन-तीन शर्यतींत तो मागे पडला, तर त्याला लगेच मोडीत काढू नये.

हा बदल पचवता येतो, हे सटनने दाखवून दिले आहे. 2017मध्ये सुबारू आणि पुढे इन्फिनिटी अशा मागच्या चाकांवरच्या गाड्यांतून तीन अजिंक्यपदे जिंकल्यावर तो 2022मध्ये पुढच्या चाकांवरच्या फोर्ड फोकसमध्ये बसला. त्या वर्षी इंग्रॅमने बाजी मारली, पण 2023मध्ये सटन पुन्हा विजेता झाला. त्याच्याबरोबर त्याचा जुना अभियंताही नव्या टीममध्ये आला होता, हे मात्र बातम्यांत क्वचितच वाचायला मिळते. 2011पासूनच्या नियमांमुळे गिअरबॉक्स, ब्रेक, सबफ्रेम (इंजिन आणि चाकांची जोडणी पेलणारा सांगाडा) असे कितीतरी भाग सर्व गाड्यांना सारखेच असतात. फरक पडतो तो सेटअपमध्ये, म्हणजे गाडीच्या बारीकसारीक जुळणीत, आणि ड्रायव्हरच्या तोंडून ‘मागून हलते’ एवढे दोन शब्द ऐकून नेमके काय बदलायचे हे ओळखणारा माणूस त्यासाठी लागतो. मागे एकदा पिटच्या मागे उभा असताना मी एका मेकॅनिकला मागच्या काचेवरचे जुन्या ड्रायव्हरचे नाव गरम हवेने सैल करून नखाने हलकेच सोलताना पाहिले होते. अक्षरे निघाली, तरी त्यांचा पुसट ठसा काचेवर राहिला होता आणि तो माणूस स्पिरिटचा बोळा घेऊन बराच वेळ ते ठसे घासत बसला होता.

यंदा नियमही बदलले आहेत. 2022पासून तीन हंगाम वापरलेली हायब्रिड यंत्रणा काढून टाकण्यात आली असून, तिच्या जागी टर्बोचा (इंजिनात जास्त हवा ढकलणाऱ्या यंत्राचा) ठरावीक वेळेपुरता वाढीव दाब आला आहे. गुणतक्त्यात जो वर, त्याला तो कमी मिळणार. ऑक्टोबर 2024मध्ये ब्रँड्स हॅच येथे हंगाम संपला तेव्हा हिलने इंग्रॅमला अवघ्या 8 गुणांनी मागे टाकले होते, हे लक्षात घेतले म्हणजे या काही सेकंदांचे मोल कळते.

हंगामात 10 आठवडाअखेरी मिळून 30 शर्यती होतात. त्या सगळ्यांचे वृत्त द्यावे, असा माझा आग्रह नाही. मात्र डॉनिंग्टनच्या शर्यतीपूर्वीच्या रविवारी एक चौकट छापावी आणि तीत प्रत्येक ड्रायव्हरच्या नावापुढे गाडी, ती कोणत्या चाकांवर चालते, पुरस्कर्ता कोण आणि अभियंता जुना की नवा, एवढे नमूद करावे, ही विनंती. माझा पुतण्या ते कात्रण कापून ठेवील, असे त्याने मला आधीच सांगून ठेवले आहे.

आपला नम्र,
एक नियमित वाचक, डर्बी, इंग्लंड