उद्यमनगरातल्या दादांना

दादा, सप्रेम नमस्कार.

जेमतेम मजुरी सांगून तुम्ही लगेच पुढच्या गाडीकडे वळलात, त्यामुळे मनातलं बोलायचं राहूनच गेलं.

माझ्या गाडीच्या पुढच्या दारांतले साडेसहा इंची कंपोनंट स्पीकर (खर्जाचा आणि बारीक आवाजाचा स्पीकर वेगळा असलेले) मी कोल्हापुरातल्याच एका चकाचक दुकानातून बसवून घेतले होते. अभंग लावला की टाळ कानात घुसायचे आणि पखवाज मात्र असून नसल्यासारखा. तक्रार घेऊन गेलो, तर तिथला माणूस गाडीपर्यंत आलाही नाही. काउंटरवरूनच म्हणाला, "अ‍ॅम्प टाका, मागं सबवूफर टाका." कंपनीच्या स्टिरिओत दम कमी असतो हे मलाही मान्य आहे. पण आवाज कमी असणं वेगळं आणि पोकळ असणं वेगळं. तेवढं ऐकून घ्यायलाही तिथं कुणाला सवड नव्हती.

तुम्ही स्टिरिओचा बॅलन्स आधी पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे फिरवून ऐकलंत. एकेकटा स्पीकर भरदार वाजायचा, दोन्ही मिळून वाजले की खर्ज गायब. एका दारातल्या स्पीकरचे प्लस-मायनस उलटे जोडले होते. एकाचा पडदा पुढं आला की दुसऱ्याचा मागं जायचा आणि खर्ज एकमेकांना मारून टाकायचा. वायर सरळ केलीत आणि पखवाज घुमला. माझं काम खरं तर तिथंच झालं होतं.

तुमचं झालं नव्हतं. दाराच्या पत्र्यावरचा प्लास्टिकचा कागद त्या लोकांनी फाडून टाकला होता. काचेवरून उतरणारं पावसाचं पाणी दाराच्या पोटात जातं, ते ट्रिमकडे, म्हणजे दाराच्या आतल्या आवरणाकडे, येऊ नये म्हणून तो कागद असतो. तुम्ही नवा कागद मापात कापून ब्युटाइल टेपनं चिकटवलात. मग मगभर पाणी घेऊन काचेवर हळूहळू ओतलंत आणि बॅटरी धरून खाली बसून राहिलात. खालच्या एका भोकातून पाणी येईना, तर तारेनं तिथला चिखल काढलात. पुन्हा पाणी ओतलंत. ते सगळं बाहेर पडलेलं बघितल्यावरच ट्रिम लावलीत.

दादा, त्या मगभर पाण्यासाठी हे पत्र आहे. ते करायला मी सांगितलं नव्हतं, आणि ट्रिम बसल्यावर ते काम कुणाच्या नजरेलाही पडणार नव्हतं. आतली शिलाई बाहेरच्याइतकीच पक्की घालणारे शिंपी असतात, तसे तुम्ही. अशी माणसं बोर्ड लावत नाहीत, जाहिरात करत नाहीत, आणि आपल्यासारख्यांची गाडी, घर, संसार त्यांच्याच जिवावर नीट चाललेला असतो. आपण दाद देतो ती मात्र काचा लावलेल्या चकाचक दुकानांना. याचा मला मनापासून राग येतो.

पुढच्या आठवड्यात भावाची गाडी घेऊन येतोय. त्याच्याही दारांचं असंच काही करून ठेवलंय. या वेळी मजुरी पूर्ण सांगा, कागदाची आणि टेपचीही धरून.

आपला,
आंबा घाटातून येणारं गिऱ्हाईक