ॲडमिशन घेण्याआधी वॉर्डाची चौकशी करा

मा. संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

नीटचा निकाल लागला की आपल्या सांगलीत विश्रामबागपासून मिरजेपर्यंत ‘परदेशात एमबीबीएस’चे बोर्ड लागतात, हॉल घेऊन सेमिनार होतात, आणि मी सुट्टीला तासगावला आले की ओळखीतले कोण ना कोण पालक घरी येतातच. मी जॉर्जियात तिबिलिसीला मेडिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. सगळ्यांचे प्रश्न ठरलेले असतात, फी किती, हॉस्टेल कसं आहे, इंडियन मेस आहे का, पोरीला एकटीला पाठवायला सेफ आहे का. हे विचारायलाच पाहिजे, बाग तारण ठेवून लोन काढणारा माणूस विचारणारच. पण तिथं पेशंट कुठल्या भाषेत बोलतात आणि पोरांना पेशंटजवळ किती जाऊ देतात, हे आजपर्यंत मला एकानंही विचारलेलं नाही, आणि माझ्या मते सगळ्यात आधी विचारायची गोष्ट तीच आहे, म्हणून हे पत्र.

सेमिनारला सांगतात की शिक्षण पूर्ण इंग्लिशमधे आहे. ते खरंच आहे, लेक्चर इंग्लिश, पुस्तकं इंग्लिश, परीक्षा पण इंग्लिश. पण हॉस्पिटल सुरू झालं की समोर कॉटवर झोपलेला माणूस जॉर्जियन बोलतो, म्हातारी माणसं रशियन पण बोलतात, इंग्लिश मात्र क्वचितच कुणाला येतं आणि त्यांना यावं तरी का, त्यांचा देश आहे, त्यांचं दुखणं आहे. जॉर्जियन लिपी वेगळीच, 33 अक्षरं, एका शब्दात चार चार व्यंजनं एकाला एक चिकटून येतात. आम्हाला पहिल्या वर्षी भाषेचा विषय होता, पण पास होण्यापुरतं पाठ करायचं आणि सोडून द्यायचं अशी पद्धत पडलीय. माझं नशीब चांगलं की घरमालकीण म्हातारी होती आणि तिला माझ्याशी बोलल्याशिवाय करमायचं नाही, भाजी आणायला, बँकेत, सगळीकडं ती मला घेऊन जायची, त्यामुळं तिसऱ्या वर्षी वॉर्डात गेले तेव्हा ‘साद ग्टकिवात’, म्हणजे कुठं दुखतंय, एवढ्याच्या पुढं चार वाक्यं मला बोलता येत होती.

एक पेशंट सांगते. सत्तरीच्या पुढची आज्जी, दम लागतो म्हणून ॲडमिट, दोन्ही पाय सुजलेले, नडगीवर बोटानं दाबलं की खड्डा पडून तसाच राहायचा. आमचा ग्रुप कॉटभोवती उभा, डॉक्टर तिला विचारून आम्हाला इंग्लिशमधे सांगत होते, दम लागतो, हार्ट फेल्युअर आहे, औषध चालू होतं. पोरांनी वहीत लिहून घेतलं आणि पुढच्या कॉटकडं निघाली. मी मागं थांबून आज्जीला विचारलं की रात्री झोपता कशा, तर म्हणाली झोपतच नाही, आडवं पडलं की जीव घाबरा होतो, खुर्चीत बसून रात्र काढते. मग गोळ्या घेता का विचारलं तर हळूच म्हणाली, लघवीची गोळी बंद केलीय, लेकीकडं जायला वडापसारख्या छोट्या गाडीतून लांबचा प्रवास असतो, मधे कुठं थांबत नाहीत. हे मी डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी परत येऊन तिच्याशी नीट बोलून गोळीची वेळ बदलून दिली. आमच्या तासगावात पण एसटीनं जायचं असलं की त्या दिवशी लघवीची गोळी न घेणाऱ्या आज्ज्या घरोघरी आहेत, त्यामुळं मला लगेच कळलं ती काय म्हणतीय ते. पुस्तकात हार्ट फेल्युअर वाढायच्या कारणांत ‘औषध न घेणे’ एवढंच असतं, ते का घेत नाहीत हे पेशंटच सांगतो, आणि तो त्याच्या भाषेतच सांगतो.

मिरजेच्या लोकांना तर हे वेगळं सांगायला नको. 1894 मधे वॉन्लेस हॉस्पिटल सुरू झालं तेव्हापासून मिरजेला लांबलांबनं पेशंट येतात, आजही अथणी, चिकोडीकडनं आलेल्या म्हाताऱ्याशी इथले डॉक्टर, सिस्टर, अगदी मेडिकल दुकानातला पोरगा पण कन्नडमधे बोलतो. कन्नड पेशंटचं दुखणं कन्नडमधेच विचारायचं असतं हे आपल्याला माहीत आहे, मग सहा वर्षं परदेशी राहणाऱ्या पोरांकडनं आपण तेवढी अपेक्षा का ठेवत नाही?

तिथं शिकण्यासारखं खूप आहे हे पण सांगते. जॉर्जियाची लोकसंख्या चाळीस लाखांच्या आतच आहे. एवढ्याशा देशानं 2015 मधे हिपॅटायटिस सी हा लिव्हरचा आजार संपवायचा कार्यक्रम हाती घेतला, टेस्ट आणि औषधं लोकांना फुकट दिली. लिव्हर खराब झालेला पेशंट आणि वेळेत औषध मिळून बरा झालेला पेशंट, दोन्ही मला बघायला मिळाले. परवानगी घेतल्याशिवाय स्टुडंटनं पेशंटला हात लावायचा नाही, नको म्हणला की बाहेर जायचं, ही सवय पण तिथंच लागली. पण तिथली बहुतेक हॉस्पिटलं प्रायव्हेट आहेत आणि परदेशी स्टुडंटला स्वतः करायला कमी मिळतं. मिरजेच्या सरकारी कॉलेजला शिकणाऱ्या माझ्या मैत्रिणीनं जेवढ्या डिलिव्हरी केल्यात तेवढ्या मी बघितलेल्या पण नाहीत. भाषा न येणाऱ्याला तर बघायला पण कमीच मिळतं, माझ्याच बॅचची हुशार पोरं वॉर्डात मागं उभी राहून मोबाईलवर एफएमजीईचे, म्हणजे परदेशात शिकलेल्यांना भारतात प्रॅक्टिससाठी पास व्हावी लागणाऱ्या परीक्षेचे, प्रश्न सोडवत असतात आणि मला त्यांच्याबद्दल मनापासून वाईट वाटतं.

त्या परीक्षेचं पण स्पष्ट सांगितलं पाहिजे. परत आल्यावर एफएमजीई द्यावी लागते, 300 प्रश्न, 150 बरोबर आले की पास, वर्षातनं दोनदा होते आणि अलीकडं साधारण चार-पाचात एकच पास होतोय. त्यात केस देऊन विचारलेले प्रश्न असतात, ज्यानं तसा पेशंट बघितलाय त्याला ते सोपे जातात. शिवाय 2021 च्या एनएमसीच्या, म्हणजे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या, नियमानं कोर्स कमीत कमी 54 महिन्यांचा पाहिजे, वर 12 महिन्यांची इंटर्नशिप त्याच परदेशी कॉलेजची पाहिजे, तिथं प्रॅक्टिस करायला चालेल अशी डिग्री पाहिजे, आणि परत येऊन इथं पुन्हा 12 महिने. त्यामुळं ‘लवकर संपतो’ म्हणून कोर्स विकणाऱ्यापासून लांबच राहा.

पालकांना माझी कळकळीची विनंती आहे, एजंटला हॉस्पिटलचं नाव विचारा, किती बेडचं आहे, कितव्या वर्षापासून नेतात, एका कॉटभोवती किती पोरं उभी असतात, भाषा किती वर्षं आणि कोण शिकवतं, हे लिहून मागा. फोटो फक्त कॉलेजच्या बिल्डिंगचे दाखवत असतील तर तिथंच थांबा. आणि पोरांनो, पहिल्या वर्षी आपल्याच पोरांच्या फ्लॅटमधे कोंडून घेऊ नका, तिथल्या माणसांत मिसळा, बाजारात बोला, चुकलं तर लोक हसतात पण सांगतात. सांगली, मिरज, कराडला बाहेरनं शिकून आलेले आणि आता प्रॅक्टिस करणारे सीनियर आहेत, सेमिनारला नाव नोंदवायच्या आधी त्यांच्यातल्या एकदोघांना गाठून वॉर्डात काय केलं ते विचारा, ते नक्की वेळ देतील.

आपली,
मेडिकलची एक विद्यार्थिनी, तासगाव, जि. सांगली