आईचा व्यवसाय

सोलापूर

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

शिष्यवृत्तीच्या अर्जाची प्रत सहीसाठी पाठवलीस, ती मिळाली. वडिलांच्या व्यवसायाच्या रकान्यात तू ‘मच्छीमार’ लिहिले आहेस आणि आईच्या रकान्यात ‘गृहिणी’. ही चूक तुझ्यापेक्षा माझी अधिक आहे, कारण आजवर प्रत्येक कागदावर तिच्या नावापुढे हाच शब्द मी लिहीत आलो.

मी हिप्परग्याच्या तलावात संध्याकाळी जाळे सोडतो आणि पहाटे ओढतो. माझे काम तेथे संपते. त्यानंतर जाळ्यात गुंतलेली चिलापी एकेक करून सोडवते ती तुझी आई. त्या माशाच्या पाठीचे काटे बोटात मोडले की दोन दिवस ठणका लागतो, तरी दोरा न तोडता कल्ल्यापासून मासा मोकळा करण्याची तिची हातोटी मला इतक्या वर्षांत साधलेली नाही. माझ्या हातून चार मासे निघेपर्यंत जाळ्याचे दोन आस, म्हणजे दोऱ्याचे डोळे, फाटलेले असतात. मग बर्फ, पाटी, बाजार, विळीवर खवले काढणे, गिऱ्हाइकांची घासाघीस आणि कोठेही न लिहिता लक्षात ठेवलेली उधारी. उन्हाळ्यात तलाव आटला की मी जाळी सांधत बसतो. ती मात्र व्यापाऱ्याकडून उजनीचा माल उचलून विकते, आणि ते महिने घर तिच्याच पाटीवर चालते.

तिने एकदा मच्छीमार सोसायटीत सभासदत्वाची चौकशी केली होती. ‘क्रियाशील मच्छीमार म्हणजे जाळे टाकणारा,’ असे उत्तर मिळाले, आणि शेजारी बसलेला मी गप्प राहिलो. पुढे २०२० साली प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना आली. तिच्यात सर्वसाधारण गटाला ४० टक्के आणि स्त्रियांना ६० टक्के अनुदान आहे असे कळताच बर्फपेटीच्या तीनचाकीसाठी तिच्या नावाने अर्ज करू, असे मी उत्साहाने सुचवले. ती म्हणाली, “एरवी मी घरात बसणारी, आन् वीस टक्के जास्त मिळतंय म्हटल्यावर मच्छीमार व्हय?” मला उत्तर सुचले नाही. अर्ज तसाच राहिला.

रत्नागिरीला मत्स्यशास्त्र शिकणाऱ्या तुला हे मी काय सांगावे! जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या २०१४ सालच्या मार्गदर्शक तत्त्वांत मासे पकडण्याइतकेच ते सुकवणे आणि विकणे हेही मासेमारीचेच काम मानले आहे, हे तूच मला दिवाळीत समजावून सांगितले होतेस. जून-जुलैच्या बंदीत होड्या किनाऱ्याला लागल्यावर सुकी मासळी विकून घर चालवणाऱ्या कोळणींचे तू तेव्हा किती कौतुक केलेस! मिरकरवाड्याच्या बंदरावर जे दिसले, ते घरच्या अर्जात तुझ्या नजरेतून सुटले, एवढेच.

रकान्यात काय लिहू म्हणून तिला विचारले, तर म्हणाली, “ते मागनं बघू, उद्याचा बर्फ सांगितला का?” सांगायचा राहिला होता. अर्ज सही न करता परत पाठवत आहे. नवी प्रत भरण्यापूर्वी तिला फोन कर, पण दुपारी दोननंतर, तोवर तिचे हात रिकामे नसतात.

तुझे वडील